खताच्या टाकीमागून आलेले विष

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे-प्रक्रिया, हुमणी असलेच विषय घेतो. या वेळचा विषय निराळा वाटेल. पण त्याची सुरुवात खतापासून होते आणि शेवट आपल्या मळ्यातल्या रिकाम्या शेडपाशी येतो, म्हणून तो आमच्याच खात्याचा समजून लिहीत आहोत.

युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते हे आपणा सर्वांस पाठ आहे. हा युरिया ज्यापासून होतो त्या अमोनिया वायूत नत्र ८२ टक्के. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हाती अमोनिया तसाच येत नाही. त्याचा वास फार तर दूध शीतकरण केंद्रात किंवा बर्फाच्या कारखान्यात नाकात गेला असेल. अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात मात्र, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिसुरी, नेब्रास्का या राज्यांत, शेतकरी हाच अमोनिया दाबाखाली पातळ करून चाकांवरच्या पांढऱ्या टाकीतून शेतावर आणतात आणि ट्रॅक्टरमागे पाती लावून जमिनीत अर्धा फूट खोल सोडतात. नत्राच्या हिशेबाने तो स्वस्त पडतो. वापरायला मात्र फार जपावे लागते. उणे ३३ अंशाला उकळणारा हा पदार्थ ओलावा दिसेल तिकडे धावतो, आणि माणसाच्या शरीरात ओलावा कुठे? डोळ्यांत, घशात, फुप्फुसात. अशी टाकी रात्रभर बांधाला उभी राहायची. कुलूप लावायची कोणाला गरज वाटत नव्हती. खत कोण चोरणार?

१९९० नंतर ते चोरीला जाऊ लागले. चोर रात्री येत, स्वयंपाकाच्या गॅससारख्या सिलिंडरमध्ये थोडासा अमोनिया काढून घेत आणि पसार होत. हजारो लिटरच्या टाकीतून चार-पाच लिटर गेले तर मालकाला पत्ता लागत नसे. पत्ता लागे तो निराळ्या रीतीने. सकाळी तोटी अर्धवट उघडी, आसपासचे पीक करपलेले, कधी चोरच डोळे जाळून घेऊन पळालेला. सिलिंडरची पितळी तोटी अमोनियाने निळसर-हिरवी पडते, म्हणून बेवारस सिलिंडर अशा रंगाचा दिसला तर हात लावू नका, अशी पत्रके तिकडच्या शेतकऱ्यांना वाटण्यात आली. टाक्यांना खास कुलुपे आली. आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी तर अमोनियात असे काही मिसळता येईल का, की पिकाला चालेल पण चोराच्या कामी येणार नाही, यावर काम केले. खतावर असे संशोधन करण्याची वेळ यावी हे आम्हां शेतकी खात्याच्या माणसांना फार विचित्र वाटले.

अमोनिया हवा होता तो मेथॲम्फेटामिन नावाचे मादक द्रव्य घरच्या घरी करण्यासाठी. तिकडे त्याला नुसते 'मेथ' म्हणतात. खड्यांच्या रूपात असले तर 'क्रिस्टल' किंवा 'आइस'. दुसरा कच्चा माल म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. हे कसे करतात ते सांगण्याची जागा ही नव्हे आणि जरूरही नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की एक खत आणि एक सर्दीची गोळी, दोन्ही सरळ धंद्याच्या वस्तू, यांतून हे उभे राहिले.

मेथ काही नवे नाही. इफेड्रा नावाची एक झुडुपवजा वनस्पती आहे. हिमालयातही ती होते, आणि वेदातली सोमवल्ली ती हीच असे म्हणणारे काही पंडित आहेत. त्या वनस्पतीतल्या इफेड्रिनपासून जपानच्या नागाइ यांनी १८९३ साली मेथॲम्फेटामिन तयार केले. १९१९ साली ओगाटा यांनी त्याचे खडे केले. जर्मनीत १९३८ पासून ते 'परविटिन' नावाने गोळीरूपात मिळू लागले आणि दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी असल्या जातीच्या गोळ्या सैनिकांना जागे ठेवण्यासाठी दिल्या. युद्ध संपल्यावर जपानमध्ये साठा उरला, तो बाजारात आला आणि माणसे व्यसनात इतकी बुडाली की १९५१ साली खास कायदा करावा लागला. म्हणजे मूळ उपयोग हा असा: थकलेल्या माणसाला थकवा कळू नये आणि त्याच्याकडून आणखी काम निघावे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

शरीरात काय होते ते थोडक्यात सांगतो. जेवण झाले, पोर हसले, उसाला चांगला उतारा आला की माणसाला बरे वाटते. त्या वेळी मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य थोडे थोडे सुटत असते. पाटाला पाळीने पाणी सुटावे तसे. मेथ घेतल्यावर धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडतात. दारू काही तासांत उतरते, पण मेथचा निम्मा भाग शरीरातून जायलाच दहा-बारा तास लागतात. झोप नाही, भूक नाही, अंगात हत्तीचे बळ आल्याचा भास. माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस जागा राहतो आणि मग मेल्यासारखा झोपतो. असे वारंवार झाले म्हणजे चाऱ्या फुटतात. मग साध्या गोष्टीने बरे वाटणे बंदच होते. जेवणाने नाही, पोराच्या हसण्याने नाही. फक्त त्या खड्याने.

पुढचे सगळे ह्याच्यातून येते. वजन घटते. तोंड कोरडे पडून, दात खाऊन आणि दुर्लक्षाने तिशीतल्या माणसाचे दात साठीसारखे होतात. कातडीखाली किडे वळवळतात असा भास होऊन अंग ओरबाडले जाते. संशय हा तर ह्या व्यसनाचा खास रोग. बायको परक्याशी बोलते, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो, छतावर पोलीस बसलेत. अशा भरात माणूस हत्यार उचलतो. हृदय बंद पडणे, मेंदूत रक्तस्राव होणे हे जवान वयातही घडते.

आता आमच्या मते खरा प्रश्न निराळाच आहे. न्यूयॉर्क-शिकागो सोडून हे विष मक्याच्या शेतात का रुजले? नुसता अमोनिया उभा होता म्हणून? अमोनिया तर आधीही उभा होताच.

आयोवातील शेतकऱ्याची हकिगत ऐकली तर ओळखीची वाटेल. १९७० नंतरच्या दशकात धान्याला भाव होता, बँका कर्ज घेऊन दारात येत होत्या, 'जमीन घ्या, आणखी पेरा' असा सल्ला होता. १९८० साली अमेरिकन सरकारने रशियाला धान्य विकण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास व्याजाचे दर वीस टक्क्यांपर्यंत चढले, धान्याचे भाव उतरले. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवात जमिनीची किंमत निम्म्याहून खाली आली. कर्ज जुन्या किमतीचे आणि तारण नव्या किमतीचे. बँकांनी लिलाव पुकारले. पिढ्यान्पिढ्यांचे कास्तकार देशोधडीला लागले, काहींनी आत्महत्या केल्या. शेतकरी गेला की खताचे दुकान जाते, मग बँक, मग शाळा.

त्या राज्याच्या ईशान्येला ओल्वाइन नावाचे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आहे. निक रेडिंग या पत्रकाराने त्यावर 'मेथलँड' हे पुस्तक लिहिले, ते २००९ साली निघाले. गावात पूर्वी रेल्वेचा दुरुस्ती कारखाना होता, मांस-प्रक्रियेचा कारखाना होता, संघटना होती, पगार घर चालण्याजोगा होता. कारखान्याचे मालक बदलत गेले, संघटना मोडली आणि मजुरी जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आली. ज्या घरात एका पगारावर पाच माणसे जेवत होती तिथे डबल पाळी केल्याशिवाय भागेना. डबल पाळी करायची तर जागे कसे राहणार? तेव्हा पहिला खडा पुष्कळांनी चैनीसाठी नव्हे तर कामासाठी घेतला. पुढे काम गेले आणि खडा राहिला. 'व्यसनी म्हणजे आळशी' असा आपला एक समज आहे. मेथची गोष्ट नेमकी उलट आहे. ते कष्टाळू माणसाला आधी धरते.

घरांतल्या घरांत भट्ट्या सुरू झाल्या. मिसुरी राज्याचे नाव त्यात वर्षानुवर्षे पुढे होते. देशभरात २००४ साली अशा भट्ट्या, त्यांचे सामान किंवा कचरा सापडल्याचे तेवीस हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले. भट्टी म्हणजे काही मोठा कारखाना नव्हे. स्वयंपाकघर, मोरी, जुनी मोटार. स्फोट होत, आगी लागत आणि भाजलेल्यांनी इस्पितळांचे जळित विभाग भरत. त्याच स्वयंपाकघरात लहान मुले रांगत असत. ती वाफ मुलांच्या फुप्फुसात, अंथरुणात, खेळण्यांत जाई. पोलीस भट्टी पकडत तेव्हा मुलांचे कपडेसुद्धा तिथेच टाकून, अंघोळ घालून त्यांना बाहेर नेण्याची वेळ येई. आई-बाप तुरुंगात आणि नातवंडे सत्तरीतल्या आजीआजोबांच्या गळ्यात, अशी किती तरी घरे झाली. जमीन विकून म्हातारपणी स्वस्थ बसायचे ठरवलेली माणसे पुन्हा शाळेचे डबे भरू लागली.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. एक किलो मालामागे पाच-सहा किलो विषारी कचरा निघतो असा तिकडच्या अधिकाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. तो टाकायचा कुठे? ओढ्यात, बांधाच्या चरात, पडक्या विहिरीत, कोणाच्या तरी मक्यात. ज्याची जमीन त्याच्या गळ्यात साफसफाईचा खर्च. आणि अशी भट्टी चाललेले घर भिंती खरवडून काढल्याशिवाय पुन्हा राहायला घेता येत नाही.

सरकारने काय केले? ओक्लाहोमा राज्याने २००४ साली सर्दीच्या त्या गोळ्या दुकानाच्या गल्ल्यामागे ठेवून ओळखपत्र पाहून, सही घेऊन देण्याचा नियम केला. आयोवाने २००५ मध्ये तसाच केला आणि २००६ पासून देशभर लागू झाला. भट्ट्या भराभर कमी झाल्या. अमोनियाच्या चोऱ्याही घटल्या. सगळ्यांना वाटले, सुटलो.

पण मागणी तशीच होती. ती जागा मेक्सिकोतील टोळ्यांनी भरून काढली. त्यांनी सर्दीच्या गोळीशिवाय, दुसऱ्या रसायनांपासून, मोठ्या कारखान्यांत माल काढायला सुरुवात केली. तो अधिक शुद्ध आणि पुष्कळ स्वस्त. मेथ व त्या जातीच्या द्रव्यांमुळे २०१५ साली अमेरिकेत सहा हजारांच्या आत माणसे दगावली होती, २०२१ साली तो आकडा बत्तीस हजारांच्या वर गेला. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या शरीरात फेन्टानिलसारखी दुसरी विषेही होती, हे खरे. तरी भट्टी बंद झाली म्हणजे व्यसन बंद झाले असे नाही, एवढे यावरून दिसते. हातभट्टी मोडली की गावात दुसऱ्या दिवशी देशीची बाटली येते, हा अनुभव आपल्या माताभगिनींना आहेच.

माँटाना राज्यात २००५ पासून भयंकर चित्रांच्या जाहिराती लावल्या. सडलेले दात, रक्ताळलेली तोंडे. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा मुलांतले प्रमाण आधीपासूनच उतरत होते, जाहिरातीने वेगळा फरक पडल्याचे दिसेना. म्हणून आम्ही या अंकात तसली चित्रे छापण्याच्या फंदात पडलो नाही.

अमेरिका लांबची झाली. जवळचे उदाहरण थायलंडचे घ्या. तोही आपल्यासारखाच ऊसवाला देश, साखरेच्या निर्यातीत ब्राझीलनंतर त्याचे नाव येते. तिथे मेथ आणि चहा-कॉफीतले कॅफिन एकत्र करून केलेली गोळी चालते. ट्रकवाले, मासेमारीच्या बोटींवरचे खलाशी, शेतमजूर ती जागे राहण्यासाठी घेत. तिचे जुने नाव 'यामा', म्हणजे घोड्याचे औषध. घोड्यासारखे काम होते म्हणून. १९९६ साली सरकारने मुद्दाम नाव बदलून 'याबा' केले, म्हणजे वेड्याचे औषध. २००३ साली तिथल्या सरकारने धडक मोहीम काढली. सुमारे तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसे मारली गेली. नंतरच्या चौकशीत त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचा ह्या धंद्याशी संबंधच नव्हता असे निघाले. आणि गोळी? पूर्व व आग्नेय आशियात २०२१ या एका वर्षात शंभर कोटींहून अधिक गोळ्या पकडल्या गेल्या. पकडलेल्या एवढ्या, तर सुटलेल्या किती असतील! म्यानमारमधून ही गोळी मिझोराम, त्रिपुरामार्गे आपल्या देशातही शिरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ तटरक्षक दलाने एका बोटीवर पाच टनांहून अधिक मेथ पकडले.

आता आपल्या घरचे बघू. इथे आम्हांला मोजूनमापून बोलले पाहिजे. आपल्या खेड्यांत आजही पहिला शत्रू दारूच. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के निघाले, आणि मेथच्या जातीची उत्तेजक द्रव्ये घेणारे ०.१८ टक्के. तेव्हा गावोगाव मेथ पसरले आहे असा आमचा मुळीच दावा नाही. पण आयोवातही १९८५ साली ते पसरलेले नव्हते.

महाराष्ट्रात जे बोकाळले आहे ते मेथचे चुलत भावंड, मेफेड्रोन. पोरांच्या तोंडी 'एमडी'. तेही उत्तेजक, तेही झोप-भूक मारणारे, तेही संशय आणि वेड लावणारे. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्यातच नव्हते, तेव्हा आणले गेले. आणि ते सापडते कुठे ते पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला. त्याच महिन्यात सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे. पुणे, कुरकुंभ, सांगली, दिल्ली मिळून त्या प्रकरणात पुणे पोलिसांनी दीड टनाहून अधिक माल धरला. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी गावच्या शिवारात शंभर किलोहून अधिक. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथे. मेथचाच धागा धरायचा तर एप्रिल २०१६ मध्ये सोलापुरातील एका कारखान्यातून ठाणे पोलिसांनी अठरा टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले. ते आफ्रिकेत नेऊन त्याचे मेथ करण्याचा बेत होता असे पोलिसांचे म्हणणे होते.

दौंड, कवठेमहांकाळ, विटा. ही नावे वाचताना सभासदांच्या डोळ्यांपुढे काय येते? आमच्या डोळ्यांपुढे ऊस येतो, द्राक्ष येते, पाहुणे येतात. मुंबईच्या कुठल्या अंधाऱ्या गल्लीतली ही गोष्ट राहिलेली नाही.

खेडे का निवडतात? जागा स्वस्त, वास आला तर 'पोल्ट्रीचा असेल, औषधाचा असेल' म्हणून कोणी विचारत नाही, पाणी आणि थ्री-फेज वीज बांधावर. आणि रिकाम्या शेडी पुष्कळ. कोंबड्यांचा धंदा बसला, बेदाण्याची शेड मोकळी, जुने गुऱ्हाळ बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. अशा वेळी कोणी मोटारीतून येऊन तिप्पट भाडे, सहा महिने आगाऊ आणि रोख देतो म्हणाला, तर नाही म्हणायला छाती लागते. गेल्या वर्षी आमच्या एका गट ऑफिसात एक सभासद नेमका हाच प्रश्न घेऊन आले होते. पार्टी म्हणत होती, लेखी काही नको, तुमचा माणूस शेडकडे फिरकायला नको, मीटर तुमच्याच नावावर राहू द्या. ती पार्टी खरोखर कोण होती देव जाणे. आम्ही एवढेच म्हणालो की दादा, कागद नको म्हणणाऱ्याला आपण बैलसुद्धा देत नाही, शेड कशी द्यायची? त्यांनी आधार कार्डाची नक्कल मागितली आणि पार्टी परत आली नाही.

कायदा ह्या बाबतीत कडक आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, त्याचे कलम २५ सांगते की घर, जागा किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिले, तर मालकाला त्या गुन्ह्याचीच शिक्षा. मेफेड्रोन असो की मेथ, पन्नास ग्रॅमपासून पुढे 'व्यापारी प्रमाण' धरतात आणि त्याला किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी व लाखाच्या पुढे दंड. 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून भागत नाही. कलम ३५ प्रमाणे कोर्ट आधी तुम्हांला माहीत होते असेच धरून चालते, आणि नव्हते हे तुम्ही दाखवून द्यायचे. जामीन फार अवघड. ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप भाड्याने देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. वाहन जप्त झाले तर योग्य ती सगळी खबरदारी घेतली होती हे मालकाला सिद्ध करावे लागते.

तेव्हा शेड देताना भाडेचिठ्ठी स्टॅम्पवर करा, भाडेकरूची ओळखपत्रे व फोटो घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या, पोलीस पाटलांच्या कानावर घाला, भाडे बँकेतून घ्या. महिन्यातून एकदा तरी जागा पाहण्याचा हक्क चिठ्ठीत लिहून ठेवा आणि खरोखर जाऊन पाहा. रात्री चालणारे काम, खिडक्यांना आतून लावलेले कागद, निळे पिंप, डोळे चुरचुरणारा वास, ओढ्याच्या कडेला अचानक करपलेले गवत, मेलेले मासे. शंका आली तर स्वतः आत शिरू नका. ती रसायने पेट घेणारी असतात. १९३३ ह्या क्रमांकावर केंद्राची मदतवाहिनी आहे, तिथे नाव न सांगता कळवता येते.

दुसरी बाब आमच्या हंगामाची. थायलंडची गोष्ट मुद्दाम सांगितली ती ह्यासाठी. गाळपाच्या चार-पाच महिन्यांत ट्रॅक्टरचालक यार्डात नंबरला रात्र काढतो आणि पहाटे पुन्हा फडात जातो. तोडणीची जोडी रात्री तीनला उठते आणि अंगदुखीची गोळी चहाबरोबर घेते. इथे कोणी 'तरतरीची गोळी' आणून दिली तर ती कशाची आहे हे विचारायला वेळ कोणाला आहे? वाहतूकदार सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे की एका चालकाकडून सलग दोन रात्री खेपा घेऊ नका, जोडचालक ठेवा. खेप चुकली तर दोन दिवसांनी भरून निघते. मुकादमांनीही टोळीत कोण काय वाटतो इकडे लक्ष ठेवावे.

घरातल्या पोराबद्दल. शहरात शिकायला गेलेला, किंवा इथेच तालुक्याला जातो म्हणून निघणारा. दोन-तीन दिवस डोळ्याला डोळा नाही, मग दोन दिवस उठत नाही. जेवण तुटले. दात खातो. उगाच संशय घेतो. आणि घरातल्या वस्तू नाहीशा होतात: मोटारीचा स्टार्टर, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, आईची बोरमाळ. रात्री जागणारे प्रत्येक पोर काही व्यसनी नसते, मोबाईलने जागणारेच जास्त. पण ही लक्षणे एकत्र आली तर उशीर करू नका.

अशा वेळी घरोघर तीन चुका होतात. मारहाण, भगत आणि लग्न. मारल्याने संशय वाढतो. भगताकडे महिने जातात. आणि 'लग्न केले की सुधारेल' म्हणून दुसऱ्याच्या मुलीचा बळी देणे ह्याला तर आम्ही पापच म्हणू. भरात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, आवाज चढवू नये, कोयता-विळा नजरेआड करावा, लहान मुलांना दुसऱ्या घरी पाठवावे. छातीत कळ, झटके किंवा फार ताप असेल तर तडक सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे.

ह्या व्यसनावर दारूसारखी ठरलेली गोळी नाही. दोन औषधे एकत्र देऊन काहींना थोडा उपयोग होतो असे २०२१ मध्ये दिसले, पण खरा आधार समुपदेशनाचा, नियमित तपासणीचा आणि घरच्यांच्या चिकाटीचा. वर्ष-सव्वा वर्ष पूर्ण लांब राहिले तर मेंदूची झीज बरीच भरून येते, असे तपासण्यांत आढळले आहे. ऊस आडसाली लावला तर आपण तेवढा वेळ थांबतोच की. मधे एकदा पाय घसरला म्हणून उपचार सोडू नयेत.

कायदाही इथे मऊ आहे हे पुष्कळांना माहीत नसते. कलम ६४-अ प्रमाणे, केवळ सेवन करणारा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगणारा स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने पोराला कोंडून ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, ते डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. दूरध्वनीवर सल्ला पाहिजे तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

शेड भाड्याने देण्याच्या चिठ्ठीचा नमुना वकिलांकडून तपासून घेऊन सर्व गट ऑफिसांत ठेवला आहे. सभासदांनी येताना सातबारा व वीजबिलाची नक्कल आणावी. नमुन्याला आकार नाही.